भाचीच्या सोयरिकीसाठी ‘लायसन्सवाला’ डिटेक्टिव्ह लावू का?

या वेळचं पत्र रावेर तालुक्यातून आलंय, लिहिणारे मुलीचे मामा आहेत. नावगाव काढून टाकलंय, बाकी त्यांच्याच शब्दात देतेय.

“ताई नमस्कार. मी केळीवाला शेतकरी. दाजी ६ वर्षांपूर्वी वारले तेव्हापासून बहिणीचं घर मीच बघतो, त्यामुळे भाचीचं लग्न माझ्याच अंगावर आहे. भाची २६ ची, बी फार्म झालेली, जळगावला नोकरी करते. स्थळ चांगलं आलंय. पोराचं मूळ गाव शिरपूरकडचं पण घरचे १५-१६ वर्षांपासून सुरतला उधन्यात राहतात, पोरगा पुण्यात आयटीत, पॅकेज १८ लाख सांगितलंय. दोन महिन्यांपूर्वी पसंती झाली, आखाजी (अक्षय तृतीया) झाली की साखरपुडा, हॉलचा बयाणा पण देऊन झाला. आणि मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून फोन आला, पोराचं सुरतेला आधीच लग्न झालेलं आहे, चौकशी करून घ्या, एवढं बोलून फोन कट. तेव्हापासून झोप नाही. एका मित्राने पुण्याच्या डिटेक्टिव्ह एजन्सीचा नंबर दिला, ते म्हणतात आम्ही गव्हर्नमेंट लायसन्स्ड आहोत, ६०,००० लागतील, पोराचे ६ महिन्यांचे कॉल डिटेल आणि व्हॉट्सॲप चॅट काढून देऊ, १०० टक्के रिझल्टची गॅरंटी. ५,००० टोकन मी जीपे करून बसलोय. बहिणीला आणि भाचीला अजून काही सांगितलं नाही, उगाच टेन्शन. बाकीचे पैसे देऊ का? आणि लायसन्स खरं का खोटं ते कसं बघायचं तेवढं सांगजो.”

भाऊ, आधी एक करा, उरलेले ५५,००० खिशातच राहू द्या. आणि तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेते, कारण खरी मेख तिथंच आहे. लायसन्स खरं का खोटं हे बघायची वेळच येत नाही, कारण आपल्या देशात खाजगी डिटेक्टिव्हला लायसन्स देणारा कायदाच नाहीये. २००७ मध्ये राज्यसभेत त्यासाठी एक विधेयक आलं होतं, एजन्सीला लायसन्स, नियम मोडला तर शिक्षा असं सगळं होतं त्यात, पण पुढे कायदा काही झाला नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये डिटेक्टिव्हला सरकारी लायसन्स घ्यावं लागतं, तिकडचा तो शब्द इकडच्या जाहिरातींमध्ये येऊन बसलाय आणि आपण ऐकून गार होतो.

मग ते लोक फ्रेममध्ये लावलेलं जे दाखवतात ते काय असतं? बहुतेक वेळा शॉप ॲक्ट, म्हणजे आपला गुमास्ता. महाराष्ट्रात २०१७ च्या नवीन कायद्यानंतर थोडीच माणसं कामाला असली तर नोंदणीसुद्धा लागत नाही, ऑनलाईन नुसती सूचना दिली की पावती मिळते, तीच पावती वडापाववाल्याकडे असते आणि तीच डिटेक्टिव्हकडे. नाहीतर उद्यमचं सर्टिफिकेट असतं, ते फुकट निघतं आणि माहिती आपली आपणच भरायची असते. नाहीतर एखाद्या डिटेक्टिव्ह संघटनेचं सभासदत्व. आणि सगळ्यात भारी म्हणजे ‘पसारा’ लायसन्स, ते मात्र खरोखर सरकारी असतं, खाजगी सुरक्षा एजन्सीच्या २००५ च्या कायद्याखालचं, पण ते बँकेच्या आणि मॉलच्या दारात वॉचमन पुरवायला लागतं, कुणाची चौकशी करायला नाही. वॉचमनचा कागद दाखवून सोयरिकीची चौकशी करणारे मी बघितलेत. त्यांनी तुम्हाला काय पाठवलंय ते नीट वाचा, वरच्या मथळ्यापेक्षा खाली कुठल्या कायद्याचं नाव आहे ते बघा. आणि कार्डावर किंवा लेटरहेडवर अशोकस्तंभ छापलेला असेल तर तिथंच रामराम करा, खाजगी माणसाला ते चिन्ह वापरायलाच बंदी आहे, त्यासाठी वेगळा कायदाय २००५ चा.

म्हणजे कसंय, आपण सोन्याच्या गावाजवळचे लोक, जळगावच्या सराफ बाजारात साधी अंगठी घेताना सुद्धा हॉलमार्क बघतो, आता तर सहा अक्षरांचा एचयूआयडी नंबर ॲपमध्ये टाकून बघणारी पोरं आहेत. डिटेक्टिव्हच्या धंद्याला असा हॉलमार्क नाही. म्हणून सगळे डिटेक्टिव्ह चोर असतात असं माझं म्हणणं नाहीये, चांगलं काम करणारे आहेत, मी स्वतः कोर्टाच्या कामात दोघातिघांकडून काम करून घेतलंय. पण चांगला माणूस पहिल्याच फोनवर सांगतो की साहेब लायसन्स वगैरे काही नसतं, माझं ऑफिस इथं आहे, हा जीएसटी नंबर, येऊन बघा. जो म्हणतो मी गव्हर्नमेंट लायसन्स्ड, तो पहिल्याच वाक्याला खोटं बोललाय, आणि त्याच्याकडून तुम्ही दुसऱ्याचं खरं काढून घेणार आहात.

आता कॉल डिटेलचं. हे नीट वाचा कारण इथं पैसे जाण्यापेक्षा मोठं लचांड आहे. कुणाचे कॉल डिटेल मागायचा अधिकार पोलिसांना तपासासाठी असतो, कोर्टाला असतो, मोबाईल कंपनी ते पुण्याच्या एजन्सीला देत नाही. मग एजन्सी देते म्हणजे कुठून देते? एकतर आतला कुणीतरी फोडतो, नाहीतर पोलिसाच्या नावाने खोटी मागणी जाते, नाहीतर सरळ एक्सेल शीटमध्ये काहीबाही नंबर टाकून तुमच्या हातात देतात, तुम्ही कुठं कंपनीत जाऊन तपासणार आहात. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड विकायचं मोठं प्रकरण बाहेर काढलं होतं, त्यात खाजगी डिटेक्टिव्हच आत गेले होते. व्हॉट्सॲप चॅट ‘काढून देतो’ म्हणजे काय तर त्या पोराच्या मोबाईलमध्ये किंवा अकाउंटमध्ये त्याला न विचारता घुसणं, तो आयटी ॲक्टखाली गुन्हा, आणि पैसे देऊन करून घेणारा पण सुटत नाही भाऊ. जीपेवर तुमचं नाव, व्हॉट्सॲपवर तुमची ऑर्डर. उद्या त्या पोराने तक्रार केली तर पोलीस आधी एजन्सीवाल्याला उचलतील, आणि तो पहिलं नाव तुमचं घेईल. बँक स्टेटमेंट काढून देतो, सिबिल काढून देतो, गाडीला जीपीएस लावतो, हे सगळं त्याच माळेतलं.

अजून एक असतं ते कुणी बोलत नाही. ज्याच्या हातात तुमच्या घरची अशी नाजूक गोष्ट गेली, तो उद्या तुम्हालाच फोन करू शकतो. अजून ४०,००० द्या नाहीतर पोराकडच्यांना सांगतो की तुम्ही माणसं मागे लावली होती. कायदा त्याला खंडणी म्हणतो, पण साखरपुडा चार दिवसांवर असताना तक्रार करायला जातं कोण.

तर मग करायचं काय. माझ्याकडे कुणी चौकशीसाठी आलं की मी आधी कागद देते आणि सांगते, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते एका ओळीत लिहा. बहुतेक लोक लिहितात “पोरगा कसा आहे”. ही ओळ घेऊन डिटेक्टिव्हकडे गेलात तर तो महिनाभर बिल करेल आणि शेवटी लिहून देईल स्वभाव चांगला आहे. तुमची ओळ मात्र स्पष्ट आहे, निनावी फोनवाल्याने ती लिहूनच दिलीय. पोराचं आधी लग्न झालंय का, आणि झालं असेल तर ते कायद्याने सुटलंय का. बस. याला ६ महिन्यांचे कॉल कशाला लागतात? लग्न काय कॉल हिस्टरीत होतं का.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण एकदा पोळलेय. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, धुळ्याकडचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं, मोडलेल्या साखरपुड्याचा खर्च परत मिळेल का विचारायला. त्यांच्याकडे एका एजन्सीचा स्पायरल बाइंडिंग केलेला १४ पानी रिपोर्ट होता, वर लाल शिक्का, ‘गोपनीय’. ६ पानं तर फेसबुकवरून घेतलेले फोटो. दोन पानं शेजाऱ्यांचं मत, शेजाऱ्याचं नाव ‘श्री. पाटील’, म्हणजे खान्देशात पाटील शोधायला पण आता पैसे द्यायचे. आणि नवव्या पानावर तो फोटो, पोरगा चहाच्या टपरीवर एका मुलीसोबत बाकावर बसलाय, ती हसतेय, खाली लिहिलेलं ‘अज्ञात तरुणीसोबत जवळीक’. त्या फोटोवर सोयरीक मोडली होती. मी पण तो फोटो बघितला, मान हलवली, पुढचं पान उलटलं. नंतर पोराकडच्या वकिलाने तोच फोटो मोठा करून टेबलावर ठेवला, पोराच्या मनगटावर राखी. चांगली मोठी, मण्यांची, खालच्या कोपऱ्यात तारीख ऑगस्टची. ती मामेबहीण होती, राखीला आली होती आणि हा तिला स्टँडवर सोडायला गेला होता. एजन्सीच्या माणसाने दोन दिवस मागे फिरून हे ‘शोधलं’ होतं, पण ती कोण हे विचारायला तो कुठंच थांबला नाही, आणि घरच्यांनी पण विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी पण नाही. तोपर्यंत पोराचं दुसरीकडे जमलं होतं.

आता तुमच्या ओळीचं उत्तर कुठं मिळेल ते बघू. पहिलं ठिकाण तुमच्या घरातच आहे, भाची. भाऊ, राग मानू नका, पण तिला न सांगता हे चाललंय हे मला बिलकुल पटलेलं नाही. २६ वर्षांची पोरगी आहे, औषधांचं काम करते, एक मिलिग्रॅम इकडचं तिकडं झालं तर काय होतं तिला कळतं, आणि तिच्या आयुष्याची गोष्ट तिला झेपणार नाही असं आपण ठरवून टाकतो. दोन महिने ती दोघं फोनवर बोलत असतील ना? मग कदाचित तिला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असेल. कदाचित पोराने तिला सांगितलं पण असेल की आधी एक साखरपुडा मोडलाय, आणि तिने ठरवलं असेल की हे मामाला सांगायची गरज नाही. माझ्याकडे अशी एक केस आली होती, मामाने डिटेक्टिव्ह लावून जे शोधून आणलं ते पोरीला पसंतीच्या दिवसापासून माहिती होतं. आणि समजा तिला काहीच माहिती नसेल, आणि उद्या तिला बाहेरून कळलं की मामाने माझ्या होणाऱ्या नवऱ्यामागे माणूस लावला होता, तर तिचा भरोसा पोरावरचा नाही, तुमच्यावरचा जाईल. तुम्ही दाजींच्या जागी उभे आहात म्हणून ती तुमच्याशी भांडणार पण नाही, नुसती गप्प होईल, ते जास्त वाईट. आज संध्याकाळी तिला फोन करा, नाहीतर जळगावला जा आणि समोर बसून सांगा, असा असा फोन आला होता, मला भीती वाटली. ताईला नंतर सांगितलं तरी चालेल, ते तुमचं तुम्ही ठरवा, ताईचा बीपी वगैरे काय असेल ते मला माहिती नाही. पण भाचीला आधी.

दुसरं ठिकाण उधना. इथं तर मला हसू येतंय भाऊ, उधना, लिंबायत, डिंडोली, या भागात अर्धा खान्देश राहतो, भुसावळहून गाडीत बसलं की उतरेपर्यंत डब्यात अहिराणीच कानावर पडते, आणि तुम्ही पुण्याच्या माणसाला ६०,००० देऊन उधन्याची खबर काढणार. तुमच्या गावातलं कुणी ना कुणी तिकडं असणारच, लूमवर असेल, साडीच्या मार्केटला असेल, रिक्षा चालवत असेल. त्यांना फोनवर विचारू नका, फोनवर माणूस सांभाळून बोलतो. तुम्ही स्वतः जा, पोराच्या घरी नको, त्याच सोसायटीच्या आजूबाजूला, किराणावाला, कानबाईचं मंडळ, पिठाची गिरणी. लग्न ही लपवायला लई अवघड गोष्ट आहे, मांडव पडलेला गल्लीला आठवतो. आणि विचारताना “अमक्याचं लग्न झालंय का” असं नका विचारू, “त्यांच्या मोठ्याचं लग्न कुठं झालं हो” असं विचारा, मग लोक स्वतःहून बोलतात. मात्र एकाच माणसाचं ऐकून घरी येऊ नका, भावकीतला जळका एक असतोच. तुम्हाला आलेला निनावी फोन सुद्धा त्यातला असू शकतो, भाचीसाठी ज्यांना नाही म्हटलं असेल अशी स्थळं आठवून बघा.

तिसरं कोर्ट. देशातल्या तालुका आणि जिल्हा कोर्टातल्या केसेस ईकोर्ट्सच्या वेबसाइटवर आणि ॲपवर फुकट बघता येतात, गुजरातच्या पण. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं. घटस्फोट, पोटगी, सासरच्या छळाची केस (जुनं ४९८ अ), काही असेल तर दिसू शकतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा, तिकडच्या कागदांवर नावापुढे ‘भाई’ जोडलेलं असतं, म्हणजे सुनीलचा सुनीलभाई होतो, आणि आडनाव कधी आधी येतं, स्पेलिंग तर विचारूच नका. म्हणून नुसतं आडनाव आणि बापाचं नाव असं पण टाकून बघा, पुण्याचं कोर्ट पण बघा. यात सगळंच दिसतं असं नाही, तेव्हा काही सापडलं नाही म्हणून क्लीन चिट समजू नका, आणि सापडलं तरी तो हाच माणूस आहे का ते वयावरून, पत्त्यावरून पक्कं करा. आपल्याकडे एकाच नावाचे चार जण एका गल्लीत निघतात.

चौथं, जे सगळ्यात सोपं आहे आणि ज्याची सगळ्यांना लाज वाटते. सरळ विचारा. पोराच्या बापाला नको, पोरालाच, भाचीला सोबत घेऊन. आम्हाला असा फोन आला होता, तुम्हीच सांगा. काहीच नसेल तर तो पहिल्यांदा चिडेल, मग कोण होतं ते शोधायला तोच लागेल. आणि त्याच बसण्यात दोन्हीकडचे कागद समोरासमोर ठेवायचं ठरवा, त्याचा ऑफर लेटर, फॉर्म १६, डिग्री, आधार, आणि भाचीचं पण तेच सगळं, पगाराची स्लिप, डिग्री, एकतर्फी मागितलं की अपमान होतो, दोन्हीकडून असलं की व्यवहार होतो. १८ लाखांचं पॅकेज फॉर्म १६ वर एका मिनिटात कळतं, त्याला डिटेक्टिव्ह लागत नाही. डिग्रीची शंका असेल तर विद्यापीठात पडताळणी होते, जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, म्हणजे उमवित पण होते. शेती सांगितली असेल तर सातबारा महाभूलेखवर गट नंबर टाकून घरबसल्या बघता येतो, डिजिटल सहीचा हवा असला तर १५ रुपये लागतात.

आणि समजा पोरगा म्हणाला, हो, झालं होतं लग्न पण सोडचिठ्ठी झालीय, तर लगेच उठून येऊ नका. घटस्फोट होणं काही गुन्हा नाही, लपवणं वेगळं. पण त्याला म्हणा कोर्टाचा हुकूमनामा दाखव. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, पंचांची नावं, ही फारकत आपल्याकडे सर्रास दाखवतात आणि लोक मान्य पण करतात. हिंदू विवाह कायद्यात रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण तशी रूढी त्या समाजात आहे हे कोर्टात शाबित करावं लागतं, ते वाटतं तेवढं सोपं नाही. ते शाबित नाही झालं तर पहिलं लग्न उभंच आहे, आणि पहिलं उभं असताना दुसरं लागलं तर ते मुळातच रद्द. भाचीच्या पदरात काय पडणार. असा स्टॅम्प दिसला तर हॉल, बस्ता, सगळं थांबवा आणि तो कागद आधी वकिलाला दाखवा.

हे सगळं करून पण शंका राहिलीच, उदाहरणार्थ पोरगा पुण्यात खरंच एकटा राहतो का हे कुणाकडूनच कळेना, तर मग लावा डिटेक्टिव्ह, तेव्हा माझी ना नाही. पुण्यात तुमचं कुणी नाही, हिंजवडीच्या सोसायटीत वॉचमन तुम्हाला गेटच्या आत सोडणार नाही, तिथं अनुभवी माणसाचा उपयोग होतो. तो काय करू शकतो, तर सार्वजनिक जागेवरून लक्ष ठेवू शकतो, कोण येतं कोण जातं बघू शकतो, आजूबाजूला बोलू शकतो, दिलेल्या पत्त्यावर माणूस राहतो का, सांगितलेल्या ऑफिसात जातो का हे बघू शकतो. पोलीस आहे म्हणून सांगू शकत नाही, घरात घुसू शकत नाही, खिडकीतून फोटो काढू शकत नाही. मुलीमागे असं फिरणं तर पाठलागाच्या कलमात बसू शकतं, नवीन भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. पोराच्या मैत्रिणीच्या मागे लागा असं त्याला चुकूनही सांगू नका, काम पोराच्या पत्त्यापुरतं.

त्याला पैसे देण्याआधी त्याच्या ऑफिसात जाऊन या, फोनवर नाही. नुसती पाटी असलेलं ऑफिस आणि काम चालणारं ऑफिस यातला फरक तुम्ही केळीचे व्यापारी बघून शिकलेला माणूस आहात, तुम्हाला दोन मिनिटात कळेल. जीएसटी नंबर मागा, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर टाकला की फर्मचं नाव आणि नंबर चालू आहे का बंद ते दिसतं. धंदा छोटा असेल तर नंबर नसेल पण, सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर लागत नाही, मग त्याने बिलात जीएसटी पण लावायचा नाही. नंबर नाही आणि वरून १८ टक्के मागतो, असे नग पण आहेत.

मग लेखी करार, एक पान पुरे. काय शोधायचं ती एक ओळ, किती दिवस, रोज किती तास, किती माणसं, दिवसाचा दर काय, प्रवासाचा खर्च त्यात का वेगळा, रिपोर्ट कधी. काहीच सापडलं नाही तरी त्याला त्याच्या दिवसांचे पैसे द्यावे लागतील हे मान्य करा, ते बरोबरच आहे, तुम्ही त्याचा वेळ विकत घेताय. म्हणूनच १०० टक्के रिझल्टची गॅरंटी ऐकली की मला घाम फुटतो, कारण गॅरंटी दिलेल्या माणसाला काहीतरी सापडावंच लागतं, राखीवाल्या फोटोसारखं. ॲडव्हान्स थोडा, तिसरा हिस्सा फार तर, फर्मच्या खात्यात, कुणा बायकोच्या किंवा मेहुण्याच्या जीपेवर नाही, आणि पावती. पावती कशासाठी, तर उद्या फसवलं तर ग्राहक आयोगात जाता येतं, जळगावला आहेच, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी पण लागत नाही, पण पावती नसेल तर तुम्ही ग्राहक आहात हेच शाबित करताना नाकी नऊ येतील.

रिपोर्टमध्ये कुणी, कधी, कुठून काय बघितलं ते तारीखवेळेसकट हवं, त्याचं मत नको. फोटो पेनड्राइव्हवर मूळ फाइल म्हणून घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोची मूळ माहिती निघून जाते. काही जण ‘कोर्टात चालणारा पुरावा’ म्हणून जास्त पैसे मागतात, तुम्हाला कोर्टात जायचंच नाहीये, सोयरीक करायची का नाही एवढंच ठरवायचंय, त्याचे पैसे देऊ नका. कोर्टाला लागणारा डिजिटल पुरावा म्हणजे मूळ फाइल आणि नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, ती वेगळी भानगड आहे. हो, आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवराबायकोच्या भांडणात चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं, त्याचा फॉरवर्ड फिरतोय की आता कुणाचंही रेकॉर्डिंग करा. तसं नाहीये, ते नवराबायकोच्या आपसातल्या केसपुरतं, मामाने होणाऱ्या जावयाचे फोन ऐकायला परवानगी दिलेली नाही.

भाचीचा फोटो, आधार, मोबाईल नंबर डिटेक्टिव्हला देऊ नका. चौकशी पोराची आहे, तिचं काही त्याला लागत नाही. हे आधीच दिलं असेल तर पुढचा मेसेज जास्तच लवकर पाठवा.

त्या ५,००० चं. जातील असंच धरून चाला, पण काम लेखी बंद करा, नाहीतर उद्या तो म्हणेल मी कॉल डिटेल काढलेत, उरलेले द्या. व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाका, शब्द फार बदलू नका: “मी तुम्हाला अमुक तारखेला ५,००० रुपये दिले. तुम्ही सांगितलेले कॉल डिटेल आणि चॅट मला नको आहेत, तसं कुठलंही काम माझ्या वतीने करू नये. मी काम रद्द करत आहे. दिलेली माहिती व फोटो डिलीट करावेत आणि ५,००० ची पावती द्यावी किंवा रक्कम परत करावी.” पाठवला की स्क्रीनशॉट काढून ठेवा, वाद घालायला फोन आला तर उचलू नका, लेखी लिहा म्हणा. धमकीचा सूर लागला तर मेसेज जपून ठेवा आणि थेट पोलीस स्टेशन, मला पण कळवा.

आणि उधन्याला जाणार असाल तर एकटे जाऊ नका, भाचीला विचारा येते का. आली तर कॉलनीतल्या बायका तिच्याशी जे बोलतील ते तुमच्याशी कुणी बोलणार नाही.